तीन नोटिसा, तीन घड्याळं

वाचकाचं पत्र

जुळे सोलापुरात गृहनिर्माण संस्थेच्या प्लॉटवर सासऱ्यांनी २००४ मध्ये बांधलेलं आमचं घर आहे. २०१९ पासून गॅरेजला शटर बसवून तिथे मी कडक भाकरी आणि शेंगा चटणी विकते. बाजूच्या मोकळ्या जागेत पत्र्याचं शेड टाकून कांडप मशीन आणि भट्टी ठेवली आहे. चार बायका कामाला येतात. गेल्या दहा दिवसांत महापालिकेच्या तीन नोटिसा आल्या. पहिली ‘मंजूर नकाशाविरुद्ध बांधकाम व वापरात बदल’ अशी, कलम ५३ ची, मुदत एक महिना. दुसरी परवाना विभागाची, तिसरी घरपट्टीची, दंडासकट. शेजाऱ्यांनी तक्रार केली असं कळतं. एक ओळखीचे गृहस्थ म्हणतात, ‘कागदाला हात लावू नका, मी मॅनेज करून देतो.’ कोर्टातून स्टे आणावा का? जेसीबी खरंच येईल का?

— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर

ताई, जेसीबीपासूनच सुरुवात करू, कारण झोप त्यानेच उडवली असणार. १५ जून २०२३ ला महापालिकेने पाडलेली सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी कोसळताना अख्ख्या सोलापूरने पाहिली. तेव्हापासून महापालिकेचं पाकीट दारात आलं की लोकांना आधी यंत्राची घरघर ऐकू येते. पण ती चिमणीसुद्धा नोटिसा, सुनावण्या आणि न्यायालयाच्या फेऱ्या होऊन मगच पडली. तुमच्या शेडला तेवढी वर्षं लागणार नाहीत, हे खरं. तरी उद्या सकाळी दारात कोणी उभं राहणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात पाडकामाची पद्धत बांधून दिली आहे. नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवायची आणि बांधकामावर चिकटवायचीही. उत्तराला किमान १५ दिवस द्यायचे. समक्ष सुनावणी घेऊन तिची लेखी नोंद ठेवायची. मग कारणांसह आदेश काढायचा, आणि आदेशानंतरही १५ दिवस बांधकामाला हात लावायचा नाही, म्हणजे माणसाला अपील करता येतं किंवा स्वतः काढून घेता येतं. मात्र हे संरक्षण रस्ता, फुटपाथ, रेल्वेलगतची जागा किंवा नदी-तलावाची जागा यांवरच्या बांधकामाला लागू नाही. शटरसमोर गटारीवर टाकलेली फरशी, रस्त्याच्या कडेला रोवलेला बोर्ड, गिऱ्हाइकांसाठी बाहेर मांडलेलं बाकडं असं काही असेल तर ते महापालिका अधिनियमाच्या कलम २३१ खाली नोटीस न देताही उचलता येतं. ते आजच आत घ्या. पाहणीला येणाऱ्या माणसाची नजर सगळ्यात आधी तिथेच जाते.

आता मुख्य गोष्ट. तिन्ही नोटिसा तुम्ही एका दमात लिहिल्या आहेत, पण कार्यालयात त्या एक प्रकरण नाहीत. पहिली महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ खालची आहे. तिला सगळे ‘एमआरटीपीची नोटीस’ म्हणतात. उरलेल्या दोन महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ खालच्या, त्याही वेगवेगळ्या कलमांच्या. तीन टेबलं, तीन अधिकारी आणि प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. एका टेबलावर दिलेलं उत्तर शेजारच्या टेबलावर आपोआप पोचत नाही. लोकांचं नेमकं इथे चुकतं. झोन कार्यालयात जाऊन ओळखीच्या साहेबांशी बोलून येतात, ‘बघतो’ असं ऐकतात, समाधानाने घरी परततात, आणि दुसऱ्या दोन मुदती तेवढ्यात संपतात. तोंडी ‘बघतो’ला फाइलमध्ये जागा नसते.

आज करायचं काम अर्ध्या तासाचं आहे. प्रत्येक नोटिशीवर पेन्सिलीने ती हातात पडल्याची तारीख लिहा. पाकिटं फेकू नका, त्यावरचा टपालाचा शिक्का हाच पुरावा. नोटीस भिंतीवर चिकटवली असेल तर जागेवरच फोटो काढा. नोटीस कोणाच्या नावावर आहे ते पाहा. मिळकत पत्रिकेवर अजून सासऱ्यांचंच नाव असेल तर उत्तरावर त्यांची सही हवी, सोबत वापरणारी म्हणून तुमची. ते हयात नसतील आणि वारस नोंद राहून गेली असेल तर तीही लगेच सुरू करा, नाहीतर पुढे प्रत्येक अर्ज ‘मालकी सिद्ध नाही’ या एका ओळीवर परत येईल. बांधकाम नोटिशीची महिन्याची मुदत म्हणजे ती मिळाल्यापासून महिनाभर, त्यातले काही दिवस गेलेच आहेत.

त्यानंतर दोन कागद मिळवा: २००४ चा मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे बांधलेलं घर वापरायला महापालिकेने दिलेला दाखला. घरात सापडले तर उत्तम. नसतील तर बांधकाम परवानगी विभागात नकलेचा अर्ज करा, आणि त्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्जही टाका. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. अर्जात ‘माझ्या प्रकरणाची माहिती द्या’ असं मोघम लिहू नका. प्लॉट क्रमांक, सर्व्हे क्रमांक, वर्ष लिहून मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, संस्थेचा मंजूर ले-आउट आणि या नोटिशीआधी झालेल्या स्थळपाहणीचा अहवाल व पंचनामा अशा चार वस्तू नावानिशी मागा. तुम्ही नेमकं किती फूट चुकला आहात हे पंचनाम्यातूनच कळतं, आणि पंचनाम्यातली मापं चुकलेली असणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

तुमच्या पत्रात एक आकडा राहिला, आणि खरा निकाल त्या आकड्यावरच लागणार आहे: घरासमोरच्या रस्त्याची रुंदी. ३ डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि थोडे अपवाद सोडून राज्यभर एकच विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. आर्किटेक्ट तिला ‘यूडीसीपीआर’ म्हणतात. तिच्यात निवासी विभागाचे दोन उपप्रकार आहेत. महापालिका हद्दीत दाट वस्तीच्या जुन्या भागाबाहेर १२ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरचा प्लॉट ‘आर-१’, आणि १२ मीटर किंवा त्याहून रुंद रस्त्यावरचा ‘आर-२’. जुन्या दाट भागात ही रेषा ९ मीटरवर आहे. जुळे सोलापूर १९९२ च्या हद्दवाढीतला भाग, म्हणजे तुमच्यासाठी १२ धरा.

हा रस्ता डांबराच्या कडेपासून मोजायचा नसतो. मंजूर ले-आउटमध्ये दोन्ही बाजूंच्या प्लॉटहद्दींमधलं जे अंतर लिहिलं आहे ती रुंदी, गटार आणि साइडपट्टी धरून. सोसायटीत आतल्या रस्त्यावर डांबर ५ मीटरच दिसतं आणि कागदावर तो ९ मीटरचा असतो. उलट १२ मीटरच्या रस्त्यावर कुंपणं पुढे सरकून तो दहाचा झालेला असतो. प्लॉट कोपऱ्यावरचा असेल तर दोन्ही रस्त्यांची मापं घ्या. मग नगररचना विभागातून झोन दाखला मागा. त्यावर विकास आराखड्यातला वापर लेखी मिळतो आणि सुनावणीत तोंडी वाद उरत नाही.

‘आर-१’मध्ये घरगुती व्यवसायाला जागा आहे, पण तिची व्याख्या घट्ट आहे: घरच्याच माणसांनी करायचं काम, पगारी कामगार न ठेवता, आणि मोटर लावलीच तर एकूण भार १ अश्वशक्तीच्या आत. तुमच्याकडे चार बायका येतात आणि कांडप मशीनची मोटर १ अश्वशक्तीत बसण्याची शक्यता कमी. मोटरवरची पट्टी वाचून खात्री करा. म्हणजे रस्ता ९ मीटरचा निघाला तर आज जे चालू आहे ते तिथे, त्या स्वरूपात, नियमित होणार नाही. हे ऐकायला कडू आहे, पण महिनाभराने अर्ज फेटाळला गेल्यावर ऐकण्यापेक्षा आज ऐकलेलं बरं. ‘आर-२’ निघाला तर दार उघडं आहे. तिथे दुकानं चालतात आणि ठरावीक सेवा उद्योगही. नियमावलीत अशा उद्योगांचा तक्ता दिलेला आहे आणि प्रत्येकापुढे किती अश्वशक्ती, किती माणसं, किती जागा याची मर्यादा आहे. आर्किटेक्टला सांगा की मसाला-कांडप आणि बेकरी या दोन्ही नोंदी उघडून तुमची भट्टी आणि मशीन कशात बसतं ते लेखी द्या.

नियम एवढा कडक का, असं वाटेल. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जण गेले. त्याच इमारतीत कुटुंब राहत होतं. ती औद्योगिक वसाहत होती, तुमचं शेड त्यामानाने कुठेच नाही. पण भट्टी, तेलकट शेंगदाणा, पत्र्याखालची वायरिंग आणि वर झोपलेली माणसं हे गणित लहान जागेतही तेच राहतं. बाजूची मोकळी जागा सोडायला लावतात ती शिडी आणि पाण्याचा पाइप आत नेता यावा म्हणून.

म्हणून शेडबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: ते स्वतः काढा, आणि मुदत संपायच्या आत काढा. सामासिक अंतरात, म्हणजे घर आणि कुंपण यांच्यामध्ये मोकळ्या सोडायच्या जागेत, टाकलेलं शेड नियमित करून घेण्यासाठी झगडण्यात ना पैसा वसूल होतो, ना वेळ. पत्रा आणि अँगल तुमचे तुम्हाला परत वापरता येतात. महापालिकेच्या पथकाने काढले तर ते वाकून मिळतात आणि पाडण्याचा खर्चही तुमच्याकडूनच वसूल होतो. काढण्याआधी चारही बाजूंनी फोटो घ्या, काढताना घ्या आणि मोकळी जागा झाल्यावर भिंतीपासून कुंपणापर्यंत टेप धरून घ्या. मंजूर नकाशात त्या बाजूला जेवढं अंतर लिहिलं आहे तेवढं टेपवर दिसलं पाहिजे. फाउंडेशनचे काँक्रीटचे ठोकळे आणि भट्टीचा चौथरा तसाच ठेवून ‘शेड काढलं’ असं कळवणारे बरेच असतात. पाहणीत तो चौथरा लिहिला जातो आणि प्रकरण पुन्हा पहिल्या पानावर येतं.

गॅरेजचं गणित वेगळं. तिथली भिंत-छप्पर नकाशातलंच आहे, बदलला तो वापर. नकाशात जी जागा पार्किंग म्हणून मंजूर आहे ती दुकान करायची तर तेवढं पार्किंग प्लॉटवर दुसरीकडे दाखवावं लागतं, आणि दुकान झाल्यावर पार्किंगची गरज पूर्वीपेक्षा वाढूही शकते. समोरच्या अंगणात गाडी उभी करायला नियमाप्रमाणे जागा निघते का, हे आर्किटेक्ट तासाभरात सांगेल. निघत नसेल तर रस्ता १८ मीटरचा असला तरी दुकान अडकतं.

जागा निघत असेल आणि झोनही अनुकूल असेल तर तुमची ढाल कलम ५३ मध्येच आहे. त्याच कलमाच्या पोटकलम ३ नुसार नोटिशीत दिलेल्या मुदतीच्या आत कलम ४४ खाली ‘बांधकाम/वापर कायम ठेवण्याच्या परवानगी’चा अर्ज करता येतो. असा अर्ज मुदतीत पडला की त्याचा अंतिम निर्णय होईपर्यंत नोटीस लागू होत नाही. स्टेसाठी कोर्टात धावणाऱ्या लोकांना ही तरतूद बहुतेक वेळा माहीतच नसते, आणि ज्याला माहीत असते तो मुदतीनंतर दोन दिवसांनी अर्ज टाकतो. मुदतीनंतरचा अर्ज हा साधा अर्ज होतो, ढाल उरत नाही.

हा अर्ज साध्या कागदावरचं विनंतीपत्र नव्हे. परवानाधारक आर्किटेक्ट किंवा अभियंत्याच्या सहीचा प्रत्यक्ष मोजमापांचा नकाशा, मिळकत पत्रिका किंवा सातबारा, बिगरशेती आदेश, संस्थेचा ले-आउट, जुना मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, घरपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला आणि शुल्काची पावती असा जुडगा लागतो. काढून टाकलेलं शेड या नकाशात ‘काढले’ म्हणून दाखवायला सांगा. ते नकाशात राहिलं तर त्याच्यामुळे गॅरेजचाही अर्ज बुडतो. एक कागद कमी असेल तर अर्ज त्रुटीत परत येतो, म्हणून मुदतीच्या शेवटच्या दिवसावर जाऊ नका. किमान आठ दिवस हातात ठेवा. संस्थेचा ना-हरकत दाखला मागितला जाण्याची शक्यता धरून चेअरमनशी आधीच बोला.

परवानगी मिळाली तर नियमित करण्याचं शुल्क भरावं लागेल. नाकारली तर निर्णय कळल्यापासून ४० दिवसांत कलम ४७ खाली शासनाकडे अपील करता येतं. यातलं काहीच न करता वापर सुरू ठेवला तर कलम ५२ उभं आहे: एक महिना ते तीन वर्षं कैद, २,००० ते ५,००० रुपये दंड आणि पुढे चालू राहिल्यास रोजचा २०० रुपये. प्रत्यक्षात घरगुती दुकानदाराला तुरुंगात धाडलेलं क्वचितच ऐकू येतं, पण गुन्हा नोंद झाला की बँकेचं कर्ज आणि पुढचे सगळे परवाने खोळंबतात.

नोटिशीचं उत्तर मात्र अर्जाची वाट न पाहता या आठवड्यातच द्या. एक पान पुरे. नोटिशीचा जावक क्रमांक आणि दिनांक. ती कोणत्या तारखेला मिळाली. शेड अमुक तारखेपर्यंत स्वतः काढतो. गॅरेजच्या वापराबाबत कलम ५३(३) खाली मुदतीत अर्ज करत आहोत. पंचनाम्याची आणि तक्रारीची प्रत द्यावी. निर्णयाआधी समक्ष सुनावणी द्यावी. बस. शेजाऱ्याचंही बांधकाम बेकायदा आहे, आमच्यावरच का, अशी वाक्यं घालू नका. दुसऱ्याच्या चुकीने तुमची चूक नियमित होत नाही आणि वाचणाऱ्याचा सूर तेवढा बिघडतो. ‘बांधकाम आम्ही केलेलंच नाही’ असं तर अजिबात नाही. उत्तर आवक विभागात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच नसलेलं उत्तर दिलंच नाही असं समजा.

परवाना विभागाची नोटीस बहुधा कलम ३७६ खालची असेल. ठरावीक धंदे आणि साठ्यांना महापालिकेचा परवाना लागतो, तो त्या कलमाचा. तुम्ही म्हणाल, माझ्याकडे अन्न सुरक्षेची नोंदणी आहे, दुकानाची नोंद ऑनलाइन केलेली आहे. दोन्ही चांगलं, पण दोन्ही वेगळ्या खात्यांचं. अन्न सुरक्षेची नोंदणी अन्न व औषध प्रशासनाकडची. दुकानाची नोंद कामगार विभागाकडची; २०१७ च्या कायद्यानुसार तुमच्याइतके थोडे कामगार असतील तर नोंदणी प्रमाणपत्र नसतं, धंदा सुरू केल्यापासून ६० दिवसांत नुसती सूचना द्यायची असते. त्या पावतीला लोक ‘शॉप अ‍ॅक्ट लायसन’ म्हणत भिंतीवर टांगतात आणि तिच्या जोरावर महापालिकेच्या माणसाशी वाद घालतात. त्या पावतीवरच ती जागा अधिकृत असल्याचा पुरावा नाही, असं लिहिलेलं असतं. कोणी वाचत नाही.

इथे एक गाठ आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १७ डिसेंबर २०२४ च्या निकालानंतर अनधिकृत इमारतीत धंद्याचा परवाना देऊ नये असा स्थानिक संस्थांना आदेश आहे. म्हणजे बांधकाम सुटल्याशिवाय परवाना नाही, आणि परवान्याची नोटीस तर आत्ता हातात आहे. यावर एकच प्रामाणिक उत्तर चालतं: शेडमधलं कांडप आणि भट्टी अमुक तारखेपासून बंद केली आहे, जागेच्या परवानगीचा अर्ज आवक क्रमांक अमुकने दाखल आहे, तो मंजूर होताच परवान्याचा अर्ज करू. आणि मग मशीन खरोखर बंद ठेवा. ‘बंद आहे’ लिहून दिल्यावर पाहणीत ते फिरताना सापडलं तर बांधकाम विभागातली तुमची पतही त्याच दिवशी जाते.

पाटीचं थोडक्यात सांगतो. दुकानाचं नाव देवनागरीत मराठीत हवं, आधी हवं आणि त्याची अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत. कामगार कितीही असोत. सोलापुरात तेलुगू-कन्नड गिऱ्हाईक भरपूर, त्या भाषाही घाला, फक्त मराठीच्या खाली.

घरपट्टीच्या नोटिशीत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या असतील, त्या सोडवून घ्या. एक, गॅरेजचा वापर निवासीवरून बिगरनिवासी धरून वाढवलेली आकारणी. दुसरी, कलम २६७ अ ची शास्ती: अनधिकृत बांधकामाला मिळकत कराच्या दुपटीपर्यंत दंड. पहिल्यावर भांडायला फारसा आधार नाही, तुम्ही दुकान चालवत होताच. मात्र कोणत्या वर्षापासून लावली ते बघा. दुकान २०१९ चं आणि आकारणी २०१५ पासून, असं झालं असेल तर पहिल्या वीजबिलापासून अन्न नोंदणीपर्यंत जे कागद २०१९ दाखवतात ते जोडा. शास्तीत क्षेत्रफळ तपासा. शेड १२० चौरस फूट आणि शास्ती पूर्ण घराच्या क्षेत्रावर, अशी चूक दिसली तर मोजमापाचा तक्ता मागा. नकाशाप्रमाणे बांधलेलं आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं घर अनधिकृत नाही.

हरकत लेखी आणि नोटिशीतल्या मुदतीतच घ्यावी लागते. ती फेटाळली तर कलम ४०६ खाली न्यायालयात अपील आहे, पण त्याची मुदत १५ दिवस आणि वादातली रक्कम आधी भरावी लागते. हरकत न घेता थेट अपीलात गेलेल्याला परत पाठवतात. दरम्यान, ज्या रकमेबद्दल वाद नाही ती भरून टाका, कारण थकबाकीवर दरमहा २ टक्के वाढ चढत जाते; वर्षाला २४ टक्के हा सावकारी दर आहे. आणि शास्ती भरली म्हणून बांधकाम नियमित झालं, ही समजूत मनातून काढा. घरपट्टीची पावती, नळजोडणी, वीजमीटर यांतलं काहीच परवानगीच्या जागी चालत नाही.

मीटरचा विषय निघालाच आहे. कांडप मशीन घरगुती मीटरवर चालत असेल तर ती महावितरणची बाब, पण एक खातं आलं की दुसऱ्याला वास लागतो. वीज कायद्याच्या कलम १२६ मध्ये चुकीच्या वापराची आकारणी त्या वापराच्या दुप्पट दराने होते, आणि कधीपासून हे ठरवता आलं नाही तर मागच्या १२ महिन्यांची. स्वतःहून वर्गबदलाचा अर्ज करणं स्वस्त पडतं. भट्टीला घरगुती १४.२ किलोचं सिलिंडर लावलं असेल तर तेही आज बदला. व्यावसायिक १९ किलोची असतात, आणि १०० किलोपर्यंतच्या साठ्याला वेगळा साठवण परवाना लागत नाही, म्हणजे रिकामी-भरलेली मिळून पाचच्या वर ठेवू नका.

शेजाऱ्यांकडे जाऊन या. तक्रार मागे घ्या म्हणून नव्हे; तक्रार मागे घेतली तरी नोटीस मागे जात नाही, कारण ती आता महापालिकेची बाब झाली. त्यांना नेमका त्रास कशाचा होता ते विचारा. बहुधा पहाटेचं कांडप किंवा मिरचीचा ठसका. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल आहे, आणि भिंतीला टेकलेलं मशीन ती सहज ओलांडतं. पुढे त्या घरात काहीही चालवायचं असेल तर सुनावणीच्या खोलीत समोर बसणारा माणूस शांत असणं तुमच्याच हिताचं.

‘मॅनेज’ करणाऱ्या गृहस्थांबद्दल. ते नोटीस रद्द करू शकत नाहीत. फार तर फाइल काही महिने कपाटात राहील, आणि अधिकारी बदलला की ती पुन्हा वर येईल. तोपर्यंत तुमची महिन्याची मुदत आणि कलम ५३(३) ची ढाल दोन्ही गेलेली असतील. शिवाय २०१८ पासून लाच देणाराही गुन्हेगार आहे, सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. सुटका फक्त ज्याच्यावर जबरदस्ती झाली आणि ज्याने सात दिवसांत कळवलं त्याला. कोणी थेट पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४.

कोर्टाचं विचारलंत. दिवाणी न्यायालयात स्टेसाठी दावा टाकण्याआधी वकिलांना कलम १४९ दाखवा. एमआरटीपीखालच्या नोटिशी आणि आदेशांना दिवाणी दाव्यात आव्हान देण्यावर त्यात बंदी आहे. राहतो तो उच्च न्यायालयात रिट अर्ज. १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्ह्याची प्रकरणं उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, मुंबई गाठावी लागत नाही. पण सुनावणी न देता किंवा उत्तर न वाचता आदेश काढला, तर तिकडे जायचं. आज तुमच्याकडे न्यायालयात दाखवण्यासारखी तक्रारच नाही. उत्तरच दिलेलं नाही.

राहिला धंदा. शेड काढल्यावर चार बायकांचं काम थांबू नये, आणि संक्रांतीच्या गड्डा यात्रेच्या ऑर्डरी तर वाट पाहत नाहीत. शेंगदाणा-मिरची परवानाधारक कांडप केंद्रातून कांडून आणा आणि घरी फक्त मिसळणं-पॅकिंग, तेही घरच्या माणसांनी, असं तात्पुरतं करता येईल. चार जणींसह पूर्ण काम हलवायचं तर मोठ्या रस्त्यावरचा गाळा किंवा होटगी रस्ता, अक्कलकोट रस्ता, चिंचोळी यांपैकी औद्योगिक वसाहतीतली जागा बघा. भाडेकराराआधी मालकाकडून तीन कागद मागा: त्या गाळ्याचं भोगवटा प्रमाणपत्र, त्यावर लिहिलेला वापर, आणि शेवटची घरपट्टी. भोगवटा प्रमाणपत्रात ‘पार्किंग’ किंवा ‘गोदाम’ लिहिलेला गाळा भाड्याने कितीही स्वस्त मिळाला तरी नको. तिथे परवाना विभागाची नोटीस तुमच्याच नावाने येईल, मालकाच्या नव्हे. करारात ‘वापर अनधिकृत ठरल्यास अनामत परत’ अशी ओळ घालून घ्या, आणि करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदवा.